राखणदाराच्या शेळ्या

सैनिक आपली जागा सोडत नाही, असं म्हणतात. आमच्या चौकीवर सोडायची सोयच नव्हती. वेंगुर्ल्याहून होडी आठवड्यातून एकदा यायची, आणि समुद्र खवळला की तीही नाही.

बेट लहान, उघडं. रडार, दोन बराकी, पाण्याची टाकी आणि आम्ही बाराजण. मी हवालदार होतो. चौकी उभी राहिली तेव्हा लान्स नाईक गावडेने नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घातलं. तो कणकवलीकडच्या शेतकरी घरातला. बेटाच्या राखणदाराला, जागा सांभाळणाऱ्या देवाला, त्याने एक बोकड आणि दोन शेळ्या सोडल्या. आमच्याकडे असं सोडलेलं जनावर देवाचं. त्याला कोणी सुरी लावत नाही.

सुभेदारसाहेब पंजाबचे. "खाना नहीं है, तो रखना क्यों?"

"साहब, ये पोस्ट के रखवाले के हैं," गावडे म्हणाला.

साहेबांनी त्यांना स्टाफमध्ये धरलं.

बेटावर बिबट्या नाही, कोल्हा नाही. चौथ्या वर्षी सकाळच्या पीटीला जवानांपेक्षा शेळ्या जास्त असायच्या. गवत मुळासकट गेलं. जनावरं वाढत गेली की त्यांना थांबवायला कोणीतरी येतंच: शत्रू, रोग, नाहीतर भूक. पहिल्या दोघांना बेटावर यायला होडी मिळाली नव्हती.

त्या वर्षी मे संपता संपता होडी बंद झाली. पाऊस मात्र आला नाही. टाकीतलं पाणी माणसांपुरतं होतं. शेळ्या बराकीच्या भिंतींचा चुना चाटू लागल्या.

मी म्हटलं, "गावड्या, अर्ध्यो कापूया. बाकीच्यो तरी जगतल्यो."

"दादानू, त्यो देवाच्यो आसत. माका सांगा नकात."

"मगे उपाशी मारतलस?"

"ता देव बघतलो."

"देव रडारार दिसता काय रे?"

तो हसला नाही.

पिल्लं आधी मेली. मग गावडे रोज दोर बांधून कड्याखाली उतरू लागला. शेळ्यांचं तोंड पोचत नव्हतं अशा कपारीत थोडा हिरवा पाला उरला होता. एका सकाळी लाट वरपर्यंत आली. आम्ही दोर ओढला. तो हलका लागला.

मी रेडिओ घेतला.

"चौकी ते बेस. एक जवान समुद्रात. बोट पाठवा. ओव्हर."

"बेस ते चौकी. समुद्र बघितलात का? ओव्हर."

"बघतोय. ओव्हर."

तो सापडला नाही. साहेबांनी शेळ्या कापायचा हुकूम दिला. कोणी पुढे झालं नाही. आता त्या देवाच्या तर होत्याच, गावडेच्याही होत्या. साहेबांनी हुकूम पुन्हा दिला नाही. पाऊस येईपर्यंत एकेक करून सगळ्या मेल्या, आणि आम्ही त्या समुद्रात टाकल्या.

पावसाळ्यानंतर स्मारक झालं. हेलिकॉप्टरने आलेले मोठे साहेब म्हणाले, या वीराने किनाऱ्याच्या इंच इंच भूमीसाठी प्राण दिले. गावडेची आई माझ्याशेजारी उभी होती. तिने हळूच विचारलं, "माज्या झिलान थंय काय राखल्यान?"

"चौकी," मी म्हटलं.

बेटावर आता गवत कमरेएवढं वाढतं. स्मारकाचा दगड त्यात दिसत नाही, म्हणून दरवर्षी ते कापायचं कंत्राट निघतं.