मामांचं सकाळचं संत्रं

सौंसर-पांढुर्ण्याच्या टापूत ज्याच्या पोटावर टाके आहेत, त्याला आमचे मामा ओळखतात. ज्याच्या पोटावर नाहीत, त्याला ओळखत नाहीत. माझ्या आईचे हे धाकटे भाऊ चाळीस वर्षं सौंसरला सर्जन होते, पण माणसाला चेहरा असतो हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नाही. एकदा जामसांवलीला मारुतीच्या रांगेत एका धट्ट्याकट्ट्या गृहस्थाने त्यांचे पाय धरले. मामा कोरेच. शेवटी म्हणाले, "शर्ट वर कर न भाऊ जरासा." भर रांगेत त्याने शर्ट वर केला आणि मामा खुलले. "अरे, तू त पांढुर्ण्याचा अपेंडिक्स! पोरगं कितवीत गेलं तुझं?" आमच्या घरात न कापलेला मी एकटाच, त्यामुळे वसंता हे माझं नाव त्यांच्या तोंडी कधी बसलं नाही. माझ्या थोरल्या भावाचं, दिवाकरचं अपेंडिक्स त्यांनी काढलेलं, म्हणून मलाही दिवाकरच म्हणत.

लेकीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना दवाखान्यातून निरोप आला, तेव्हा मामा मुठीतल्या अक्षता खिशात टाकून निघून गेले. परतले तेव्हा लेक-जावई जेवायला बसले होते. मामांनी खिशातून अक्षता काढून त्यांच्या ताटांवरच टाकल्या. लेक रडता रडता हसली. मामी मात्र दोन दिवस बोलल्या नाहीत. असा माणूस भीत कशाला असेल, याचं मला लहानपणापासून भारी कुतूहल. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी ते एक संत्रं सोलत. साल अखंड निघाली पाहिजे, एकेक पांढरी शीर बोटांनी सुटली पाहिजे आणि एकही फोड फुटता कामा नये. मग ते संत्रं मामींच्या हातात ठेवून घाईघाईने निघायचे. स्वतः एक फोडही खायचे नाहीत. "आणि फुटली तर?" मी एकदा विचारलं. "त त्या दिवसापासून चाकू बंद," मामा म्हणाले, आणि त्यांनी लगेच विषय बदलला.

गेल्या हिवाळ्यात मला बेंबीचा हर्निया झाला. मामा केवढे खूश! "आता तुझं नाव पक्कं ध्यानात राहील, दिवाकर." ठरलेल्या सकाळी मी उपाशीपोटी त्यांच्या ओसरीवर बसलो. मामांनी संत्रं घेतलं. साल अखंड निघाली. पण फोडी सोडवताना अंगठा किंचित थरथरला, एक फोड फुटली आणि रस मनगटावर ओघळला. मामी पदराने हात पुसायला पुढे झाल्या. मी घाबरून म्हणालो, "मामा, जास्त पिकलं असंल. दुसरं घ्या न."

"संत्र्याले काहून दोष देऊन राहिला?" मामा शांतपणे म्हणाले. नागपूरच्या एका डॉक्टरांना त्यांनी तिथूनच फोन लावला आणि दुपारच्या बसने स्वतः मला तिकडे घेऊन गेले. पुन्हा चाकू हातात धरला नाही. माझ्याच पोटापाशी त्यांचा चाकू थांबावा, याचं मला फार वाईट वाटलं.

टाके निघाल्यावर भेटायला गेलो, तर मामी संत्रं सोलत होत्या. निम्म्या फोडी फुटल्या होत्या आणि मामा त्या मन लावून खात होते. मला पाहताच म्हणाले, "शर्ट वर कर." जखमेवरून त्यांनी हलकेच बोट फिरवलं.

"बढिया काम केलं नागपूरवाल्यानं," ते म्हणाले. "पण हे टाके माह्ये नाहीत. आता तुले मी ओळखू कसा, वसंता?"

शर्ट खाली करायचं विसरून मी तसाच उभा राहिलो.