सरांना वाकून नमस्कार

मंडळी, आत्ताच घरी आलेय. चहा उकळतोय तोवर लिहून टाकते.

आज आमच्या सहा वर्षांच्या सईचा कराटेचा पहिला क्लास होता, इथे इंग्लंडमध्ये, बेसिंगस्टोकच्या कम्युनिटी हॉलमध्ये. शाळेत कुणी ढकललं तरी ती गप्प राहते, म्हणून घातलं. पण इथेही मुलं हसली तर ती पुन्हा पाऊल ठेवणार नाही, ही धास्ती होतीच.

गाडीतून उतरताना मी सांगितलं, "आत गेलीस की सरांना वाकून नमस्कार कर." मला म्हणायचं होतं ते कराटेतलं कमरेतून वाकणं. सई थेट त्या धिप्पाड सरांपाशी गेली आणि तिनं त्यांच्या अनवाणी पायांना हात लावला. सर दचकून मागे सरकले. सगळी मुलं हसली.

सईनं मान वर करून सरांकडे पाहिलं, आणि तीही खुदकन हसली! मग सरांनी हात मांड्यांना लावून तिच्यापुढे रीतसर वाकून दाखवलं. पुढचा सगळा वेळ ती इतरांबरोबर मनसोक्त ओरडत होती.

परतताना म्हणते, "आई, सर केवढा घाबरला! मी तर अजून काहीच नाही शिकला!"

"घाबरले" आणि "शिकले" असं सुधारायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. आज राहू दे.

पण पायांना हात लावायचा नाही, हे आता सांगायला हवं ना? ती म्हणतेय, "नेक्स्ट सॅटर्डेला पण घाबरवणार." तुम्ही काय केलं असतं?