पाठीमागे उभा राहणारा

नोकरी नव्हती तेव्हा मी अंधेरीला एका क्लासमध्ये कोबोल ही कॉम्प्युटरची भाषा शिकायला जायचो. आत धूळ नको म्हणून चपला-बूट एसीच्या खोलीबाहेर काढायला लावायचे. तिथे सफारीतले एक पन्नाशीचे गृहस्थ यायचे. मोज्याला अंगठ्याशी भोक. कीबोर्डला कधी हात लावायचे नाहीत, नुसते आमच्या पाठीमागे उभे राहून स्क्रीन बघायचे.

मला हा माणूस पहिल्यापासून खटकला. फी भरून कोण नुसतं बघतं? प्रोग्राम चोरत असणार. ते मागे आले की मी स्क्रीन पुसून टाकायचो. शेजारी बसणारा मित्र म्हणाला, "खबऱ्या आहे रे तो. मला कंपनीचं नाव विचारलंन. सांगितलं तर खूश, पेपरमिंट दिली."

एकदा ते माझ्याकडे वाकलेच. "कुठल्या कंपनीत तुम्ही?"

"तुम्हाला कशाला हवंय?"

"सहज. मी मरोळला एका कारखान्यात पगारपत्रकं करतो. साहेब म्हणतात, आता कॉम्प्युटर घेणार. चालवायला माणूसही घेणार."

मी जरा सैलावलो. "मी अजून कुठेच नाही. शोधतोय."

पेपरमिंटसाठी खिशात गेलेला त्यांचा हात तिथेच थांबला.

"म्हणजे कुठेही लागू शकता," ते म्हणाले, आणि बाहेर जाऊन बूट घालू लागले.

पुढे कोबोल गेलं, सी आलं, आणखी काय काय शिकलो. पण नव्या ऑफिसात गेलो की आधी बघतो, मला पाहून कोणाचा हात खिशातच राहिलाय.