गजाच्या सदऱ्यावरचा कागद

ही गोष्ट मी कोणापाशीच बोललेलो नाही. बायको चाळीस वर्षं माझ्याशेजारी जेवली, तिलाही सांगितली नाही, आणि ती काही न कळताच गेली. देवाला सांगावी म्हटलं तर त्याला माहीत असणारच — माहीत असलेल्याला सांगून काय होतं? तुम्हाला माहीत नाही. म्हणून तुमच्यापुढे बसलो.

चौथीपर्यंत शिकलो. लिहिता लिहिता मी भलतीकडे वळलो तर समजा, म्हातारा टाळतो आहे. मी कोणाला भीत नाही, गावात कोणालाही विचारा. एवढ्या एका गोष्टीला भितो.

पऱ्हाटीपासून, म्हणजे कपाशीच्या झाडापासून, सुरुवात करतो. मोताळा तालुक्यात, रोहिणखेडच्या अलीकडे आमचं वावर आहे. जमीन काळी, विहिरीला पाणी. बीटीचं बियाणं आलं तेव्हा गावात पहिली कपाशी मी लावली, आणि पहिली काही वर्षं अळी म्हणून दिसली नाही. मग अळीनं ते बियाणंही पचवलं. गुलाबी अळी. फूल उमलायच्या आधीच आतून शिवल्यासारखं मिटायचं, आम्ही त्याला डोमकळी म्हणतो, आणि चिमटीत फोडलं की आत ती बसलेली. लोकांनी उभ्या पिकात नांगर घातले. कोणी घराला कुलूप लावून सुरतेकडे गेलं. मी? मी दोन औषधं एका ड्रममध्ये कालवून मारायला लागलो. कधी तीन. विषाला आमच्याकडे औषधच म्हणतात.

कृषी सहायक येऊन सांगून गेला, शेंडे खुडा, उंची कमी करा, फवारा माणसाच्या तोंडावर येतो. मी नाही खुडले. माझी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, आणि रस्त्यानं जाणारा माणूस मान वर करून बघत होता. तेवढ्यासाठी नाही खुडले. दुसरं कारण नव्हतं.

आणि ते औषध मारायचा गजा. गजानन — माझा धाकटा भाऊ, माझ्याहून बारा वर्षांनी लहान. बाप लवकर गेला, त्याला मी वाढवला, आणि वाढवला म्हणून मी त्याला मारायचो. लहानपणी मारायचो ते ठीक म्हणा. पण त्याचं लग्न झाल्यावरही मारलं, त्याच्या पोरीदेखत मारलं. तो कधी उलटून बोलला नाही. गाव म्हणायचं, रामलक्ष्मणाची जोडी. कोणी कधी लक्ष्मणाला विचारलं का?

त्याची पोरगी अश्विनी. एकुलती. बुलढाण्याला राहून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करत होती. तिला कागदाचं वेड होतं. पुस्तकाच्या नव्हे, यंत्राच्या कागदाचं. सुट्टीत आली की ओसरीत बसून जाड कागदावर पेन्सिलीनं रेघ ओढायची, घासून घासून काळीकुट्ट. रेघेच्या एका टोकाला चपटे सेल, दुसऱ्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढा दिवा. आणि तो दिवा लागायचा. रेघ लांबवली की मंद व्हायचा.

"जादूटोणा शिकवतात काय वं तुले तिथं?" मी म्हणालो होतो.

"पेन्सिलीतून करंट जाते, मोठेबा. दरवेळी तार काऊन पाहिजे? तार महाग, कागद फुकट."

तिच्या डोक्यात काय काय होतं! कापसाच्या गंजीत अशी एक चिठ्ठी खुपसून ठेवायची, आत ओल धरली की तीच सांगेल. व्यापारी दोन बोटांनी दाबून 'ओला आहे' म्हणाला की त्याच्या नाकापुढे धरायची. गव्हाच्या कोठीत एक. दुधाच्या कॅनच्या झाकणाखाली एक. दवाखान्यात जखमेच्या पट्टीत एक, म्हणजे पट्टी न सोडताच कळेल की आत पाणी सुटलं. काम झालं की चुलीत टाकायचं, कागदच तो. मला ते ऐकायला फार आवडायचं. हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही.

बापासाठी तिनं तळहाताएवढा कागद केला. त्याच्यावर पेन्सिलीच्या दोन फण्या, एकीचे दात दुसरीच्या दातांत, पण कुठं टेकलेले नाहीत. फवाऱ्याचं पाणी पडून कागद भिजला की मधल्या ओलीतून करंट जाणार आणि बटणाएवढी पिपाणी वाजणार. घामानं वाजू नये म्हणून आतल्या अंगाला मेण. दोन जुन्या सदऱ्यांच्या छातीवर तिनं स्वतः एकेक कागद शिवला. चार चार टाके. म्हणाली, "बाबा, हा वाजला का थांबा. सदरा काढा, आंग धुवा, दुसरा घाला, मंगच पुढचा पंप. मले वचन द्या."

गजा लाजला. मग मान हलवली. त्याच्याकडून कोणी कधी वचन मागितलं नव्हतं.

आता इथं माझा हात थांबतो आहे. थांबू द्या थोडा.

त्या दिवशी सकाळी आम्ही दोघंच वावरात होतो. मी विहिरीचं पाणी आणून ड्रममध्ये औषध कालवत होतो, गजा पाठीवर पंप घेऊन तासांतून, पऱ्हाटीच्या दोन ओळींमधून, फिरत होता. तिसऱ्या पंपाला कागद वाजला. पीं पीं, पाखराच्या पिलासारखा. गजा थांबला, विहिरीवर गेला, अंग धुतलं, दुसरा सदरा घालून आला. मी ड्रम ढवळत राहिलो. पुढं दोन पंप झाले आणि हाही वाजला. पुन्हा विहीर. पहिला सदरा उन्हात वाळला होता, तो घातला.

शेजारच्या वावरात यासीन होता. वीस वर्षांपासूनचा आमचा धुरेकरी, बांधाला बांध लागलेला, थट्टेखोर माणूस. धुऱ्यावरून ओरडला, "काय भाऊ, पोळा होऊन गेला तरी बैलाची घंटी सोडली नाही काय?" त्याच्या वावरात परगावाहून निंदणीला आलेल्या बाया हसल्या. गजाही हसला.

मला मात्र हसू आलं नाही. माझ्या वावरात, माझ्या पऱ्हाटीत, एक कागद सांगणार की काम कधी थांबवायचं? एका पोरीनं पेन्सिलीनं रेघोट्या मारलेला कागद?

आणि तो तिसऱ्यांदा वाजला.

लिहिलं एकदाचं. वाजला होता तो. तीनदा वाजला, तिन्ही वेळा बरोबर वाजला.

मी पऱ्हाटीत घुसलो, गजाच्या हातातली फवाऱ्याची पितळी नळी हिसकली आणि त्याच्या पाठीत हाणली. मग मांडीवर. मग खांद्यावर. तो पंपासकट खाली बसला. "दादा, पोरीले वचन देलं," एवढंच बोलला. मी त्याचा सदरा छातीशी धरून कागद ओढला. टाके पक्के होते, कापडाचा तुकडा घेऊनच तो निघाला. माझ्या मुठीतही वाजत होता. मी तो पंप भरायच्या औषधाच्या बादलीत घातला आणि तळाशी दाबून धरला, बंद पडेपर्यंत. माझा हात कोपरापर्यंत विषात होता. मला काही झालं नाही. माझ्या हाताला कधीच काही झालं नाही.

"मार आता," मी म्हणालो. "लय झाले नखरे."

त्यानं मारलं. चार पंप मारले, छाती उघडी, सदऱ्याला भोक. वारं फिरलं, फवारा उलटा त्याच्या तोंडावर यायला लागला, मी पाहत होतो. नळीच्या तोंडात कचरा अडकला तेव्हा त्यानं ती ओठांना लावून फुंकली, आम्ही सगळेच फुंकतो तशी. मग तो तासात बसला. मला वाटलं, नाटक करतो. मी त्याच्या कमरेत लाथ घातली. तो कलंडला. तोंडातून फेस, आणि डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या.

यासीन धावत आला. त्यानंच मोटरसायकल काढली, गजाला दोघांच्या मधे धरून मोताळ्याला नेलं, तिथून गाडीनं बुलढाण्याला. दुसऱ्या दिवशी दुपारी गजा गेला. नळीचे वळ पाठीवर होते. डॉक्टरनं विचारलं. मी म्हणालो, पंपाच्या पट्ट्याचे.

दवाखान्याच्या व्हरांड्यात अश्विनीनं माझे दोन्ही हात धरले. बाप गेला म्हणून ती रडत नव्हती, अजून रडली नव्हती. तिनं विचारलं, "मोठेबा, कागद वाजला नाही काय?"

खरं बोलायला किती वेळ लागतो? मी म्हणालो, "नाही वाजला."

मला कोणी गळा धरून बोलायला लावलं नव्हतं. मी विचारही केला नाही. तोंडातून थुंकी जावी तसं ते गेलं. पोरीनं आपली दोन्ही मनगटं भिंतीवर आपटायला सुरुवात केली. बांगड्या फुटल्या, रक्त आलं, दोन बाया धावल्या तेव्हा थांबली. आणि मी? मी बघत उभा होतो, आणि आतून मला बरं वाटत होतं. माझ्यावर काही आलं नाही म्हणून.

राख सावडून आल्यावर ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली. तो कागद दाखवा म्हणाली. मेण फाटलं होतं का रेघ तुटली, तिला पाहायचं होतं. आणि बाबांचा सदराही हवा होता. मी बादलीतला लगदा आणून ठेवला होता, लोकांना दाखवायला — हा पाहा पोरीचा शहाणपणा. पण त्या लगद्याला कापडाचा तुकडा होता. सदऱ्याला भोक होतं. शिकलेली पोरगी, टाके तिच्या हातचे. एक नजर टाकली असती तरी तिला कळलं असतं की हा ओढून काढला आहे.

मी दोन्ही चुलीत घातली. ती चुलीत हात घालायला धावली, तेव्हा मी तिला मारलं. तुराटीनं, हातांवर, बोटांवर, तुराटी मोडेपर्यंत. ओसरीत भाऊकी बसली होती. "बापाले खाल्लं ह्या हातांनं," मी ओरडत होतो, सगळ्यांना ऐकू जाईल असं. कोणी मला अडवलं नाही. तिनंही हात मागे घेतले नाहीत. पुढे धरून उभी राहिली. तिला ते पटलं होतं, कळतं का तुम्हाला? तिच्या सगळ्या वह्या, दिवे, सेल त्याच चुलीत गेले. तिच्या आईनं, शोभानं, स्वतः आणून दिले.

राहिला यासीन. त्यानं दोनदा कागद ऐकला होता, ऐकून हसला होता. तेराव्याच्या आदल्या दिवशी तो कडब्याच्या गंजीपाशी मला म्हणाला, "भाऊ, पोरगी उगीच मरते. ते वाजत होतं ना." मी त्याचा गळा धरून त्याला गंजीत दाबला. म्हणालो, गाव तुहं ऐकन का माहं, याचा विचार कर. तुहं घर गावात कितवं हाय ते मोज. त्याला कळलं. गावात त्यांची चारच घरं. पुढच्या साली त्यानं वावर बटाईनं दिलं आणि फाट्यावर पंक्चरचं दुकान टाकलं. मी टायर घेऊन गेलो तर काम करून देतो. मान वर करत नाही.

अश्विनीनं कॉलेज सोडलं. मलकापूरला दिली. ब्लाउज शिवते, चांगली शिवते म्हणतात. जावई भला माणूस आहे. एकदा सहज बोलून गेला, आमच्या लहानीच्या शाळेच्या पेन्सिलीला टोक मलाच करून द्यावं लागतं, ही हात लावत नाही. मी म्हणालो, असते एकेकाची सवय.

यंदाच्या आखजीला ती माहेरी आली होती. आखजीला आमच्याकडे पितर जेवू घालतात. मेलेल्याच्या नावानं घागर भरायची आणि भाऊकीतल्या एकाला पाटावर बसवायचं. त्या दुपारपुरता तो माणूस म्हणजे आपला गेलेला. दरवर्षी बसणारा चुलतभाऊ आजारी होता. शोभानं मला बोलावलं. मी नाही म्हणू शकलो असतो. गेलो, आणि पाटावर बसलो.

अश्विनीनं माझे पाय धुतले, पदरानं पुसले. कपाळाला गंध लावलं. पान वाढलं, पुरणपोळी, कुरडई, आंब्याचा रस. मग समोर बसून म्हणाली, "जेवा बाबा." त्या दिवशी तसंच म्हणायचं असतं.

मी पहिला घास मोडला. शोभा आत चुलीपाशी होती. अश्विनी खाली पाहत, अगदी हळू बोलली, "बाबा, एक डाव सांगा. मी मंग कधीच विचारणार नाही. तो वाजला नव्हता ना?"

मला नव्हतं विचारलं तिनं. गजाला विचारलं होतं. आणि गजाचं तोंड त्या वेळी माझ्याजवळ होतं.

"नाही पोरी," मी म्हणालो. "नाही वाजला."

तिनं बराच वेळ मान हलवली. मग डोळे पुसले आणि विचारलं, "रस वाढू अजून?"

मी वाटी पुढे केली.