मागनं न्या

"तुमचं मागनं न्या रं. आज बंगल्यावर पाहुणे हायत."

आमदारसाहेब फोनवर एवढंच बोलले. माझ्या खांद्यावर तिरडी होती. तिरडीवर माझा बाप होता.

समोर काळं लोखंडी फाटक, बंद. आत हिरवळ, पोहायचा तलाव, गाणी चाललेली. आमच्या बुद्धवाड्यातून नदीवरच्या मसणात जायची वाट इथूनच जायची. आज्याला तिथूनच नेलं होतं. मग साहेबांनी कर्जतच्या रस्त्यालगतची ही सगळी जमीन घेतली, भिंत घातली, फार्महाऊसचे प्लॉट पाडले. वाट भिंतीच्या आत गेली.

माझे हात तिरडीला होते, म्हणून चुलतभावानं फोन माझ्या तोंडापुढं धरलेला. स्पीकर चालू. साहेब जे बोलले ते सगळ्या वस्तीनं ऐकलं. आणि मी जे बोललो तेही ऐकलं.

मी म्हणालो, "हो साहेब."

मग आम्ही शेतातून गेलो. भात पोटरीला आलेलं, बांध निसरडे. पुढच्याचा पाय घसरला नि तिरडी तिरकी झाली. बापाचा हात चादरीबाहेर लोंबला. मागून बहीण येत होती. तिनं तो हात उचलून आत ठेवला, आणि माझ्याकडं बघितलं. ते बघणं अजून डोळ्यांपुढून जात नाही.

नदीवर कुणी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पण मी साहेबांचा आवाज होतो, मला कोण घालणार?

साहेब आधी नेरळला टेंपोनं वाळू-विटा पोचवायचे. शेलूकडं बिल्डिंगा उठायला लागल्या तसे ते जमिनीच्या व्यवहारात शिरले. मग ग्रामपंचायत. मग पंचायत समिती, जिल्हा परिषद, आणि शेवटी विधानसभा. प्रत्येक निवडणुकीत रिक्षावर भोंगा आणि भोंग्यात मी. खालापूरच्या टोकापर्यंत गावागावांत लोक मला आवाजावरून ओळखायचे. बाप शेतात असला तर काम सोडून उभा राहायचा. शेजारच्याला सांगायचा, "आमचा पोरगा बोलतोय. आयक."

त्या बापानं मला कधी कुणाच्या पाया पडायला शिकवलं नव्हतं. आज्यानं दीक्षा घेतली, घरातले देव नदीत सोडले, तेव्हापासून आमच्यात ती रीतच नाही. मी साहेबांच्या पाया पडायचो. ते गाडीतून उतरले की पहिला मी वाकायचो. बंगल्यावर जेवण असलं की त्यांचा ड्रायव्हरसुद्धा आत टेबलावर बसायचा. मला मागच्या पडवीत. वरून कुणीतरी वाढायचं, लांबूनच. मला ते कळत नव्हतं असं नाही. जेवण झालं की मी माझं ताट स्वतः विसळून ठेवायचो, म्हणजे कुणाला सांगायची वेळ येऊ नये.

आणि वाटेचं काय, तर आमच्याच वस्तीतल्या सभेत मी माइकवर ओरडलो होतो, "साहेब निवडून येणार, मसणवाट मोकळी होणार!" साहेब बाजूला नुसते हसत उभे होते. त्यांनी स्वतः तो शब्द कधी दिलाच नाही. तो माझ्या तोंडून वदवला. लोकांनी मतं दिली ती माझ्या तोंडाकडं बघून.

बाप गेल्यावर मी बंगल्यावर जायचं सोडलं. पण उघड काही बोललो नाही. भीत होतो. मोहोपाड्याच्या कंपनीत ठेकेदाराकडं मी कामाला होतो, ते काम साहेबांच्या शब्दावरच मिळालेलं.

पुढची निवडणूक आली. साहेबांची गाडी वस्तीत आली. समाजमंदिरासमोर खुर्च्या मांडल्या. साहेबांनी सगळ्यांदेखत माझ्या पाठीवर हात ठेवला.

"बाप गेला तुजा, वाईट झालं. म्हातारा गुणी होता. चल, आवाज काढ आता."

माइक माझ्या हातात दिला. समोर आई बसली होती. बहीण माहेरी आलेली, ती मागं उभी. साहेबांचा हात अजून माझ्या पाठीवर होता. मला त्या हाताची किळस आली. त्याहून जास्त स्वतःची.

मी तो हात खाली केला.

माइकवर म्हणालो, "माझ्या बापाचं मढं ह्यांनी ह्यांच्या फाटकातून जाऊ दिलं नाही. मागनं न्या म्हणाले. मी हो साहेब म्हणालो. आज नाही म्हणतो. मत मागायला ह्यांनी माझा आवाज वापरू नये."

कुणीतरी वायर ओढली. माइक बंद पडला. मी तसाच बोलत राहिलो, बिनमाइकचा. पडवीतलं जेवणसुद्धा सांगितलं. ते ऐकून आईनं मान खाली घातली. तिला तोवर माहीत नव्हतं.

टाळ्या वगैरे काही नाहीत. साहेब फक्त म्हणाले, "माजलास." आणि गाडीत बसले.

घरी आई म्हणाली, "आता खायाचं काय रं?" चुलीपुढं बसली, लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "पडवीत जेवत व्हतास, तर घरी येऊन जेवायचं व्हतंस. भाकरी नव्हती का आपल्यात?"

काम गेलं. साहेब परत निवडून आले. आमच्या वस्तीतूनही त्यांना मतं पडली. वाट अजून भिंतीच्या आत आहे.

फाटक त्यांनी बंद केलं. पण 'हो साहेब' माझं होतं. ती लाज माझी आहे आणि मी ती कुणाच्या गळ्यात घालणार नाही.

आता ग्रामपंचायतीला उभा राहतोय. राखीव नाही, खुल्या जागेवरून. आपली माणसं सांगतात, जपून रं, पाडतील तुला. पाडतील. मग मी ग्रामसभेत सगळ्यांसमोर उभा राहीन, तहसीलदारासमोर उभा राहीन, आणि वाट मागेन. हात जोडून मागणार नाही.