धाकट्याच्या टाकीवरचे डाग

लोकांच्या घरी कामाला शिरला की आमचा रंगारी आधी ब्रश काढत नसे, चादरी काढत असे. कपाटावर चादर, टीव्हीवर चादर, बटणांवर कागद, कड्याकोयंड्यांना चिकटपट्टी. एकदा तर सोफ्यावर डुलकी काढणाऱ्या आजोबांवरही चादर टाकून मोकळा झाला होता. आजोबा उठले तेव्हा त्या घरात काय हलकल्लोळ झाला ते विचारू नका. पण तीस वर्षांत कुणाच्या फरशीवर त्याने एक थेंब सांडला असेल तर शपथ.

आणि हाच माणूस स्वतःच्या घरी काय करून बसला? घराच्या बाजूला पत्र्याची शेड आहे, तिचे वासे रंगवायला घेतले. पांढरा ऑइलपेंट. खाली धाकट्या भावाची लाल मोटरसायकल उभी. चादरी सगळ्या कामावर राहिलेल्या. "घरचंच तर काम आहे," म्हणाला आणि चढला शिडीवर. झालं! टाकीवर, मडगार्डवर, हेडलाइटच्या कपाळावर पांढरे शिंतोडे. तेही त्याच्या लक्षात आले दुसऱ्या दिवशी, चांगले वाळून कडक झाल्यावर.

धाकटा त्याच्याहून चौदा वर्षांनी लहान. आईवडील लवकर गेले, तेव्हा रंगाऱ्यानेच त्याला शाळेत घातलं, सायकल शिकवली, तापात उशाशीही तोच बसला. ही गाडी धाकट्याने पहिल्या नोकरीत हौसेने घेतलेली. डाग बघून त्याचं तोंड एवढंसं झालं.

"लोकांच्या कपाटांना चादरी घालतोस दादा, आणि माझ्या गाडीवर एक फडकं टाकवलं नाही तुला?"

चुकलं म्हणायला काय जात होतं? पण नाही. रंगारी उसळला, "गाडी, गाडी! डोक्यावर घेऊन फीर ना तिला!"

धाकट्याची बदली झालेली होती, लांबच्या शहरात. त्याच आठवड्यात निघायचं होतं, गाडीवरूनच. तो बसने गेला. निघताना दारात थांबून म्हणाला, "डाग तू पाडलेस, तूच काढ. निघाले की कळव, मग येईन."

याला आठ वर्षं झाली. दोघंही एकाच मुशीतले, माघार कोण घेणार? फोन यायचा तो वहिनीला. ती बोलत असताना रंगारी समोर उभा राहून हातवारे करायचा, 'जेवतो का नीट, विचार. खोकला गेला का, विचार.' बायको फोन ठेवून म्हणायची, "अहो, तुमची जीभ काय भाड्याने दिलीय?" दर रविवारी हा शेडमध्ये जायचा, चाकांत हवा भरायचा, किक मारून गाडी पाच मिनिटं जागच्या जागी चालू ठेवायचा. तो आवाज ऐकत स्टुलावर बसून राहायचा. डागाला मात्र हात लावायचा नाही.

मग यंदा खांदा गेला. डॉक्टरांनी शिडी बंद केली. दिवसभर घरात बसलेल्या माणसाला आठवणी सोडतात होय? सायकल शिकताना धाकटा ओरडायचा, "दादा, सोडू नकोस हं!" तेच सारखं कानात वाजायचं. भाऊ हवासा वाटत होता, इतका की घास उतरेना. शेवटी एका सकाळी उठला आणि थिनरची बाटली घेऊन शेडमध्ये शिरला.

बायको मागोमाग आली तोवर चिंधी टाकीच्या खालच्या अंगाला फिरली होती. चिंधीवर पांढरं काहीच नव्हतं, लालच उतरलं होतं.

"अहो! भिंत आहे का ती?" ती ओरडली. "तीस वर्षं रंग दिलात, एकदा काढायचा तर त्याच बाटलीला हात?"

रंगाऱ्याने चिंधी फेकली आणि वाकून बघितलं. नशीब, आतली बाजू होती, दिसायची नाही. मुकाट्याने नाक्यावरच्या मेकॅनिककडे गेला. मेकॅनिक म्हणाला, "काका, थिनर विसरा. आधी साबणाच्या पाण्याने धूळ काढा. मग फडक्याला थोडं रॉकेल, डागावर ठेवा, मऊ पडू द्या. प्लॅस्टिकचं जुनं कार्ड आडवं धरून हळूच उचला. घाई केलीत तर ओरखडा. शेवटी पॉलिश."

मग सुरू झालं. सकाळी पाच-सहा डाग, संध्याकाळी पाच-सहा, कारण खांदा त्याहून जास्त हलू देत नव्हता. डाग सुटून नखाएवढी पांढरी टिकली कार्डावर आली की तो ती उजेडात धरून बघायचा. दोन आठवडे गेले. हट्टी डाग होता तो टाकीच्या झाकणापाशी, त्याने तीन दिवस घेतले. तो निघाला तेव्हा रंगाऱ्याने स्वतः फोन लावला. आठ वर्षांनी काय बोलायचं, हे दोन तास घोकून ठेवलं होतं. पलीकडून "हॅलो" आलं आणि सगळं विसरला.

"निघाले," एवढंच म्हणाला.

पलीकडे कॅलेंडरचं पान फडफडलं. मग, "रविवारी येतो दादा."

आला. कानापाशी केस पिकलेले, पोट सुटलेलं. रंगाऱ्याला वाटलं, हा म्हातारा कधी झाला मला न विचारता? दोघं जेवले, भरपूर हसले, आजोबांवरच्या चादरीची गोष्ट पुन्हा झाली. चुकलं वगैरे कुणी म्हणालं नाही. धाकट्याने टाकीवरून हात फिरवला, खालच्या अंगाला खरखरीत लागलं तिथे बोटं थांबली. मग त्याने खिशातून किल्ली काढली. आठ वर्षं दुसरी किल्ली त्याच्याकडेच होती.

तेव्हा कुठे रंगाऱ्याच्या डोक्यात उजेड पडला. डाग निघाले की भाऊ येईल, एवढंच त्याने धरलं होतं. भाऊ आला की गाडी जाईल, आणि गाडी गेली की भावाला इकडे यायला कारणच उरणार नाही, हे कसं सुचलं नाही?

धाकट्याने गाडी शेडबाहेर काढली. मागे कोबा उघडा पडला. सगळीकडे पांढरे शिंतोडे, आणि मधोमध गाडीच्या आकाराची स्वच्छ जागा.

"आणि हे रे दादा?" धाकट्याने जमिनीकडे बोट केलं.

रंगाऱ्याने एकदा जमिनीकडे पाहिलं, एकदा भावाकडे.

"ते निघाले की कळवतो."

धाकट्याने हेल्मेट चढवलं, काच मात्र लगेच खाली केली. "आठ वर्षं लावू नकोस," आतून आवाज आला, तो जरा बसलेला होता.

दुसऱ्या दिवशी चहा घेऊन बायको शेडमध्ये गेली, तर हा गुडघे टेकून कोब्यावर बसलेला. हातात ते जुनं कार्ड, शेजारी रॉकेलची वाटी. थिनरची बाटली त्याने कालच मेकॅनिकला देऊन टाकली होती.

"अहो, खांदा!" ती म्हणाली. "जमिनीचे डाग कोण बघतंय?"

"सरक," रंगारी म्हणाला, "उजेड अडतोय. आणि त्या मोकळ्या जागेत पाय ठेवू नकोस, तिथे गाडी लागते."