कारणांच्या यादीत नसलेला गाव

सोमवार, ८ डिसेंबर २०२५ रोजी सकाळी सव्वादहा वाजता खाजणवड्याच्या सुभद्राकाकींच्या मोबाईलवर ७,३५० रुपये दंडाचा निरोप आला. तीन बुकिंगे रद्द केली म्हणून दंड. डिसेंबरच्या हिशेबातून रक्कम कापली जाईल, असेही खाली लिहिले होते. काकी तेव्हा मागीलदारी नारळ सोलत होत्या. त्यांनी कोयता तसाच ओंडक्यात मारून ठेवला आणि मोबाईल घेऊन शेजारच्या घराच्या पडवीत आल्या.

"सारिका, हो तुझो 'झोपाळो' माझ्याकडे पैसे कित्या मागता गो?"

'झोपाळा' ही पुण्यातली कंपनी. लोकांच्या घरातल्या खोल्या पर्यटकांना मिळवून द्यायच्या आणि मधले पैसे घ्यायचे, हा तिचा धंदा. सारिका ही काकींच्या मोठ्या दिरांची मुलगी. ती त्याच कंपनीत प्रोग्रॅमर होती. मालवणात बी.एस्सी., पुण्यात चौदा वर्षे नोकरी, मग लॉकडाऊनमध्ये गावी आली ती परत गेलीच नाही. पडवीच्या कोपऱ्यात टेबल, टेबलावर लॅपटॉप, आणि बसायला आजोबांची वेताची खुर्ची. गावातल्या अकरा घरांना 'झोपाळा'वर तिनेच चढवले होते. ज्या कॅलेंडरने काकींना दंड केला, तेही तिनेच लिहिलेले.

ती स्वभावाने तोंडावर बोलणारी. कुडाळच्या एका कॉलेजने तिला 'आयटीतील करिअर' या विषयावर बोलायला बोलावले, तेव्हा तिने मुलांना सांगितले की तीन महिन्यांत प्रोग्रॅमर करून देतो म्हणणाऱ्या क्लासला साठ हजार रुपये भरण्यापेक्षा त्या पैशांत एक बरा कॉम्प्युटर घ्या, एकच भाषा धरा आणि दोन वर्षे तिच्या मागे लागा. दर सहा महिन्यांनी नवीन नाव घेऊन येणारी वस्तू बहुतेक वेळा जुन्याच वस्तूला रंग लावून आलेली असते, असेही सांगितले. कार्यक्रमाचा खर्च एका क्लासनेच केला होता. त्यानंतर कॉलेजने तिला बोलावले नाही, आणि तिलाही त्याचे काही वाटले नाही.

कंपनीतही तेच. 'आत्ता सात जण ही खोली बघत आहेत' ही ओळ साइटवर घालायचे ठरले, तेव्हा हा सातचा आकडा येणार कुठून, असे तिने विचारले. तीन ते नऊमधला कुठलाही येऊ दे, असे उत्तर मिळाले. खोटे आकडे मी लिहीत नाही, असे तिने सर्वांसमोर मीटिंगमध्ये सांगितले. मग ते दुसऱ्याने लिहिले. त्या वर्षी तिचा पगार वाढला नाही. सहा खोल्यांचे फोटो दाखवणारे पान उघडायला खाजणवड्यात दीड मिनिट लागते, याची तिला मनापासून लाज वाटे, आणि ती लाज ती दर शुक्रवारी लेखी कळवत असे.

दंडाचे कारण समजायला गावाची रीत समजली पाहिजे. खाजणवड्यात तीन-चार वर्षांनी एकदा गावपळण असते. ग्रामदैवत रवळनाथाला कौल लावतात. देवाने उजवा कौल, म्हणजे होकार, दिला की ठरलेल्या दिवशी गावातले झाडून सगळे, गुरे, कोंबड्या, कुत्री-मांजरांसह, गावाच्या शिवेबाहेर जातात. तीन दिवस, तीन रात्री गावात माणूस नसतो. चौथ्या दिवशी पुन्हा कौल, आणि देव हो म्हणेल तेव्हाच घरी परत. हे केव्हा सुरू झाले, याच्या चार गोष्टी सांगतात आणि चारही वेगवेगळ्या आहेत.

या वर्षी गावपळण असणार, हे गणपतीपासून सगळ्यांच्या मनात होते. तरीही अकरांपैकी एकाही घराने डिसेंबरचे दिवस कॅलेंडरवर बंद केले नव्हते. कौल लागण्याआधी दिवस बंद करणे म्हणजे देवाचे उत्तर आपणच देऊन टाकणे. ते कोणाच्या मनात येणे शक्य नव्हते. कॅलेंडर लिहिणाऱ्या सारिकेच्याही आले नाही, आणि तिची स्वतःची एक खोली त्या अकरांत होती. रविवारी कौल झाला. १२ तारखेच्या शुक्रवारी निघायचे. तोपर्यंत शनिवार-रविवारची सगळी बुकिंगे लागून बसली होती. सोमवारी सकाळी अकराही घरांनी ती रद्द केली.

दुपारी दोनला दुसरा निरोप आला. एकाच गावातली अकरा घरे एकाच दिवशी तेच दिवस रद्द करतात, म्हणजे ठरवून केलेली फसवणूक, असे कंपनीच्या यंत्राने ठरवले आणि अकराही घरांची खाती बंद केली. नाताळ ते एक जानेवारी हा आठवडा दोन आठवड्यांवर होता. काकींच्या तीन खोल्यांची वर्षाची निम्मी कमाई त्या आठ दिवसांत होते. काका गेल्यापासून घर त्यावरच चालले होते. काकींनी तक्रारीच्या चौकोनात आपल्या हाताने लिहिले, 'देवाच्या कौलाने गाव सोडून जात आहोत.' त्यावर यंत्राचे उत्तर क्षणात आले, 'तुमचा प्रवास आनंददायी होवो!'

सारिकेने तिचा वरिष्ठ ओमकार याला फोन लावला. ओमकार तिच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, मूळचा फोंडाघाटचा, आता पुण्यात बाणेरला राहणारा. काकी समोरच्या बाकावर बसल्या होत्या, म्हणून तिने स्पीकर चालू ठेवला.

"सारिका, सोपं आहे," ओमकार म्हणाला. "रद्द करण्याची सात कारणं आहेत यादीत. त्यांना 'नैसर्गिक आपत्ती' निवडायला सांग. दंड जातो, खातं उघडतं. कोणी तपासत नाही."

"तपासत नाही हे मला सांगू नको. ते मीच लिहिलंय."

"मग झालं तर."

"काय म्हणता तो?" काकींनी विचारले.

"पूर इलो म्हणान लिवा, म्हणता."

"डिसेंबरात?" काकी बाकावरून उठल्या. "देवान सांगल्यान म्हणान आमी घर सोडतंव, आणि देवाच्याच नावार खोटा लिवूचा? माका ता जमूचा नाय. पैसे काप म्हण, पण माझ्या तोंडात पूर घालू नको म्हण."

पलीकडे ओमकार जरा हसला. "काकी, मग पाहुण्यांना येऊ द्या. चावी कुंडीखाली ठेवा. गावाचा नियम गावाला. त्यांना कशाला?"

"झिला, तू खंयचो?"

"फोंडाघाटचा, काकी."

"मगे तुका तरी कळाक व्हया. गाव रिकामो म्हणजे रिकामो. माजरसुद्धा पोत्यात घालून नेतंव. आणि पुण्याचो पावणो माझ्या पलंगार निजतलो?"

सारिकेने स्पीकर बंद केला. "ओमकार, यादीत आठवं कारण घालू. 'गावाची रीत'. दहा ओळींचं काम आहे, मी आज करते."

"हे ठरवणारी तू नाहीस. एप्रिलनंतर बघू. आणि असं किती गावांत होतं? चार? पाच? देशात आपली बावीस हजार घरं आहेत."

"त्या बावीस हजारांना सात कारणं पुरतात, हे तुला कोणी सांगितलं? कोणी विचारलंय त्यांना? सूतक, सोयर, जत्रा, पालखी, समुद्र खवळला म्हणून होडी बंद. सगळे 'नैसर्गिक आपत्ती' दाबतात आणि गप्प बसतात. मग तुझा रिपोर्ट म्हणतो, कोकणात बारा महिने पूर. आणि तू तो रिपोर्ट भिंतीवर लावतोस."

"तू भावनेच्या भरात बोलतेस."

"मी हिशेबात बोलते. तुझा हिशेब खोटा आहे, एवढंच."

ओमकारचा आवाज चढला आणि चढताना मालवणी झाला. "अगो, माका काय हौस आसा? वर बसलेत ते माका खातले!"

"खांवदेत. तुका खातले तेव्हा मी सांगीन, चवीक बरो नाय."

 फोन ठेवताना तो एवढेच म्हणाला की, परवानगीशिवाय काही केलेस तर मी मधे पडणार नाही.

साइट बदलण्याच्या चाव्या सारिकेच्याच हातात होत्या. गुपचूप दहा ओळी घालून कोणाला कळलेही नसते, निदान महिनाभर. पण चोरून करायचे तर काकींनी पूर लिहिला असता तरी काय वाईट होते, असे तिला वाटले. बुधवारी सकाळी नऊला तिने कंपनीच्या दीडशे माणसांच्या ग्रुपवर लिहिले: 'आज दुपारी चार वाजता मी यादीत आठवे कारण घालत आहे. ते का, ते खाली लिहिले आहे. ज्याचा विरोध असेल त्याने आपल्या नावाने इथेच लिहावे.' खाली गावपळणीची सगळी हकिगत लिहिली. दुपारपर्यंत चाळीस जणांनी अंगठे दाखवले. दोघांनी 'किती गोड!' असे लिहिले. विरोध कोणीच लिहिला नाही, ओमकारनेही नाही. चार वाजता तिने कारण घातले. काकींनी ते निवडले, दंड गेला, खाते उघडले. अकराही घरांची उघडली.

साडेसहाला ते कारण यादीतून काढले गेले. सातला अकरा खाती पुन्हा बंद झाली. आठला सारिकेचा पासवर्ड चालेना. दुसऱ्या दिवशी कंपनीचे पत्र आले. तुमच्या सेवेची आवश्यकता उरलेली नाही. लॅपटॉप कुरिअरने परत पाठवावा.

"माझ्यापायी गेली गो तुझी नोकरी," काकी म्हणाल्या.

"तुझ्यापायी नाय. यादीपायी. आणि तू पूर लिवलं असतंस तर मी तुझ्या घराक चाय पिऊक इलंय नसतंय."

शुक्रवारी गाव उठला. शिवेपलीकडच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, झावळ्यांच्या खोपी उभ्या राहिल्या, चुली मांडल्या गेल्या, दावणी बांधल्या. सारिकेने भावाचा जुना लॅपटॉप बरोबर घेतला होता. सड्यावर रेंज मात्र गावापेक्षा चांगली. इतकी वर्षे पडवीत बसून काम केले याचा तिला पश्चात्तापच झाला. खोपीत चटईवर बसून तिने एक पान लिहायला घेतले. अकरा घरे. प्रत्येकाचे नाव, मालकिणीचा फोन नंबर, खोलीचा दर, जेवणात काय मिळते, एसटी कुठे थांबते. फोटो घरटी एक, तोही लहान करून. पसंतीचे तारे नाहीत, 'फक्त एकच खोली शिल्लक' नाही, तुम्ही कोण, कुठून आलात, याची चौकशी नाही. ज्याला खोली हवी त्याने फोन करायचा आणि माणसाशी बोलायचे. सगळ्यात वर तिने एक ओळ लिहिली: 'गावपळण लागली तर आम्ही घरी नसतो, तेव्हा तुमचे पैसे पूर्ण परत.'

"दर कमी कर," काकी वाकून बघत म्हणाल्या. "मधलो खाणारो गेलो ना आता? मगे बाराशे लिव."

शनिवारी एक तरुण ड्रोन आणि माईक घेऊन सड्यावर आला. त्याचे सात लाख फॉलोअर होते, हे त्याने स्वतःच सांगितले. रिकाम्या गावावर त्याला व्हिडिओ करायचा होता. नावही ठरले होते: 'भुतांच्या भीतीने पळालेलं गाव'. रवळनाथाचे मानकरी, सत्तरीचे बाबलीभाई, चुलीशी बसून वडे तळत होते.

"काका, जरा घाबरलेले दिसा ना."

"कोणाक घाबरू?"

"म्हणजे, गावातल्या त्या... शक्तींना."

बाबलीभाईंनी झारा कढईवर धरला. "बाबा, हय कोंबडीवडे चललेत. घाबरलेल्या माणसाचे वडे फुगतत काय? बस, खा, आणि ता तुझा भिरभिरा खाली उतरव. गुरा बुजतत."

तो बसला, सहा वडे खाल्ले. व्हिडिओ मात्र ठरलेल्या नावानेच टाकला. त्याखाली लोकांनी खाजणवड्याला अडाणी, अंधश्रद्ध आणि मागासलेला म्हटले. सारिकेने त्या व्हिडिओखाली आपल्या नावाने लिहिले की, 'वर्षातून तीन दिवस फोन बंद ठेवायला तुमची माणसे परदेशी रिसॉर्टला पैसे मोजतात, आम्ही गुरे-वासरे घेऊन चालत जातो. शहाणे कोण ते तुम्ही ठरवा. वडे खाऊन खोटे बोलणाऱ्याला मात्र आमच्याकडे दुसरा शब्द आहे.' तरुणाने ती ओळ पुसली. तिने पुन्हा लिहिली. त्याने पुन्हा पुसली.

सोमवारी कौल लागला आणि देवाने डावा दिला. गाव आणखी एक रात्र सड्यावर राहिला. मंगळवारी उजवा मिळाला तेव्हा लोक घरी आले. तोवर सारिकेचे पान इंटरनेटवर चढले होते. त्याच संध्याकाळी काकींच्या फोनवर ओमकारचा निरोप आला. नाताळात आई-वडिलांना घेऊन यायचे आहे, नव्या पानावर नंबर बघितला, खोली मिळेल का? काकींनी सारिकेला विचारले नाही. बाराशे रुपये सांगितले आणि पैसे आधी मागून घेतले.

नाताळच्या आठवड्यात काकींच्या तीनपैकी दोन खोल्या भरल्या. गेल्या वर्षी तिन्ही भरल्या होत्या. अकरांपैकी चार घरांनी जानेवारीत 'नैसर्गिक आपत्ती' निवडली, दंड माफ करून घेतला आणि 'झोपाळा'वर परत गेली.  पानावरची त्यांची नावे सारिकेने काढली नाहीत. काकींना तीच वाट दोनदा सुचवली गेली. दोन्ही वेळा त्यांनी उत्तर दिले की, पूर येईल तेव्हा लिहीन.

सारिका आता कणकवलीच्या दोन दुकानदारांची आणि एका पतसंस्थेची कामे करते. कमाई निम्म्याहून कमी आहे. पतसंस्थेच्या साइटवर फुगे उडवण्याची सूचना तिने पहिल्याच दिवशी नाकारली.

सड्यावर रविवारी तिचा डेटा संपला होता, तेव्हा शेजारच्या गावातल्या गणपतने आपल्या दुकानातून रिचार्ज मारून दिला. त्याचे २९९ रुपये तिने अजून दिलेले नाहीत, आणि त्यानेही कारण विचारलेले नाही.